खरातबाईंना ‘बिचारा’ चालत नसे

आमच्या बियाणे कंपनीत खरातबाईंच्या केबिनमध्ये एक कायदा होता आणि तो सरकारनं केलेला नव्हता. इजा झालेल्या कामगाराला जो कोणी ‘बिचारा’ म्हणेल, त्यानं खोलीतल्या सगळ्यांना चहा पाजायचा. साहेब असो की हमाल, कुणाला सूट नाही. मी कामावर परतलो तेव्हा पहिल्या आठवड्यात एवढे चहा झाले, की कँटीनवाला मला लांबून बघूनच हसायला लागला. एकदा बाई स्वतःच फोनवर कुणाला तरी ‘बिचारी’ म्हणून गेल्या. लगेच जीभ चावली आणि फोन चालू ठेवूनच कँटीनला हाक मारली.

बाईंचं नाव रुक्मिणी खरात. हुद्दा वेल्फेअर ऑफिसर. गाव केदारखेडा. आजोबांची मेंढरं होती, वडलांनी शेती धरली आणि बाई शिकून नवीन जालन्यात नोकरीला लागल्या. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक, आवाज खणखणीत. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला असायचा आणि तरी दिवसभर ‘माझा चष्मा बघितला का कुणी?’ चालू. स्कूटीचा हॉर्न कधीचा बंद पडला होता. तो दुरुस्त करायचं सोडून बाई ‘ए सरका, सरका!’ असं ओरडत स्टेशन रस्त्यानं जायच्या. आधी आवाज यायचा, मग स्कूटी.

पर्समध्ये भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा कायम. राग आला की त्या आधी एक शेंग फोडून खायच्या आणि मग बोलायच्या. त्यामुळं केबिनमधून शेंग फुटल्याचा आवाज आला, की बाहेर बसलेले आम्ही समजून जायचो, आज कुणाचं तरी खरं नाही.

कंपनीनं त्यांना दिलेलं काम साधं होतं. कुणाला इजा झाली की दवाखाना, विमा, भरपाई बघायची आणि कागद वर पाठवायचे. माणूस बरा होऊन परत मशीनपाशी उभा राहतो की नाही, हे कुणी त्यांना विचारलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. का घेतलं, हे मला पुढं कळलं.

मी ग्रेडिंग मशीनवर होतो. शेतातून आलेलं बियाणं चाळण्यांवरून सोडायचं, फुटकं-बारीक वेगळं काढायचं, असं ते काम. एका दुपारी पट्ट्याच्या रोलरमध्ये सुतळी अडकली. मशीन बंद केलं की सगळी लाइन थांबते आणि सगळे बोंबलतात, म्हणून मी चालू मशीनमध्येच हात घातला. रोलरनं हात ओढून घेतला. उजव्या हाताची चारही बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. हे आता मी सरळ सांगतोय. तेव्हा हे वाक्य माझ्याच्यानं पुरं होत नव्हतं.

संभाजीनगरच्या दवाखान्यात भेटायला माणसांची रीघ लागली होती. येणारा केळी आणायचा, माझ्या हाताकडं बघायचा, डोळे पुसायचा आणि बायकोला, संगीताला, ‘कसं होणार गं आता तुमचं’ म्हणून निघून जायचा. केळी खाऊन खाऊन आमचा जीव विटला होता. मग एक दिवस खरातबाई आल्या. हातात काहीच नाही. स्टूल ओढून बसल्या आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाल्या, “भागवतभाऊ, कामावर परत यायचं का?”

माझं टाळकंच सरकलं. “बाई, डोळे हायेत का तुम्हाला? हात बघा माझा!”

“बघितला,” बाई म्हणाल्या. “मी हाताला न्हाई, तुम्हाला विचारून राह्यले.”

“कोण ठेवणार मला?”

“ते मी बघते. यायचं का, एवढं तुम्ही सांगा. जल्दी न्हाई. यायचं नसलं तर दुसरा रस्ता काढू, त्याच्यात काय कमीपणा न्हाई.”

एवढं बोलून त्यांनी पर्समधून दोन शेंगा काढून माझ्या डाव्या हातावर ठेवल्या. न फोडलेल्या. संगीता सवयीनं फोडून द्यायला पुढं झाली, तर बाईंनी तिचा हात हळूच खाली केला आणि तिच्याशी गावाकडच्या पावसापाण्याचं बोलत बसल्या. मी चिडून एक शेंग दातानं फोडली. दुसरी अंगठ्याखाली दाबून फोडली. अपघातानंतर स्वतःच्या हातानं खाल्लेली ती पहिली चीज. बाईंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. जाताना संगीताला म्हणाल्या, “घास भरवायचा बंद करा बरं का. राग येईल त्यांना. येऊ द्या.”

संगीताला ते लागलं. दोन दिवस तिनं बाईंना माझ्यापाशी भरपूर शिव्या घातल्या. घरी आल्यावर मीच बाईंना फोन करून म्हणालो, “मंग येतो मी.”

आता कायद्याचं सांगतो, कारण ते मला बाईंकडूनच कळलं. दिव्यांगांच्या हक्काचा कायदा आहे. सरकारी नोकरीत असताना हातपाय गेला, तर त्या माणसाला काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. पण आमची कंपनी खासगी. खासगीवर कायद्याचा हात तेवढा जड पडत नाही. भेदभाव करू नका, समान संधीचं धोरण लिहून लावा, एवढं मात्र आम्हालाही लागू होतं.

बाई म्हणायच्या, “कायदा म्हणजे लांबचा मामा हाये भाऊ. लग्नात बोलावलं तर येतो, उभासुद्धा राहतो. पण बोलवायला आपल्यालाच जावं लागतं.”

मामाला बोलवायची बाईंची रीत निराळी होती. मी घरी असतानाच एका रविवारी, मशीन बंद असताना, बाई प्लँटमध्ये आल्या. आपल्या उजव्या हाताची चार बोटं चिकटपट्टीनं गच्च बांधून घेतली, अंगठा मोकळा ठेवला आणि फिटरला म्हणाल्या, “आता मी भागवत. मला काम सांगा.” मग चाळणी काढणं, घालणं, पोत्याचं तोंड धरणं, बटणं दाबणं, सगळं एकेक करून बघितलं. फिटरला घाम फुटला. चाळणी दोनदा बाईंच्या पायावर पडता पडता राहिली. दुपारी डबाही त्यांनी तसाच खाल्ला. सगळं वरण अंगावर. संध्याकाळपर्यंत त्यांनी हाताची पट्टी सोडली नाही.

त्या एका दिवसातून दोन गोष्टी निघाल्या. चाळणीच्या चौकटीला एक जाड पट्टा, ज्यात मनगट अडकवता येतं. आणि चाळणी घट्ट बसवायला बोटांनी फिरवून आवळायच्या आट्याच्या जागी कोपरानं दाबायचा दांडा. फिटरनं भंगारातल्या सामानातून करून दिलं. मला ना हलकं काम दिलं, ना कोपऱ्यातली खुर्ची. “ही सवलत न्हाई, सोय हाये,” बाई म्हणाल्या. “उंच माणसाला उंच टेबल देतो का न्हाई आपण? तसं.”

हे त्या सगळ्यांसाठी करायच्या. एका ड्रायव्हरचा डोळा अधू झाला, तर बाई एका डोळ्यावर पट्टी बांधून गोदामात फिरल्या, थप्पीवर धडकल्या, कपाळाला टेंगूळ आलं. कामगार हसायचे. मीसुद्धा आधी हसलो होतो.

त्या ड्रायव्हरचं नाव सदाशिव. त्याची गोष्ट बाईंनी मला एकदाच सांगितली, आणि सांगताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. गाडी चालवणं बंद झालं, पण गोदामात माल लावायचं काम सदाशिवला झकास जमत होतं. तेव्हाचे साहेब देवमाणूस. म्हणाले, कशाला एवढी झिगझिग, माणुसकी म्हणून त्याला गेटवर बसवू. बाईंना वाटलं, मिळतंय ना, घेऊन टाकू. सदाशिव गेटवर बसला. पुढं साहेब बदलले. नव्या साहेबांनी विचारलं, हा इथं कशासाठी? कुणालाच सांगता येईना. माणुसकी कुठल्याच कागदावर नव्हती. सदाशिव घरी गेला.

“त्याला मी घरी बसवलं,” बाई म्हणाल्या. मी म्हणालो, बाई, तुम्ही कसं, साहेबांनी बसवलं. त्यांनी शेंग फोडली आणि माझी फाईल पुढं ओढली.

तर मी परत आलो. इनामदार साहेब आमचे प्लँटप्रमुख. माणूस वाईट नाही, पण धास्तावलेला. पुन्हा काही झालं तर त्यांच्या गळ्याशी येणार ना! ते म्हणाले, तीन महिने बघू, जमलं तर ठीक, नाहीतर हिशेब करू. माझी सगळी नोकरी त्या तीन महिन्यांना टांगलेली.

आणि इथं आमच्या लोकांनी घोळ घातला. प्रेमानं घातला, म्हणून जास्त वाईट. माझ्या पाळीत रफिक, माझा जुना दोस्त, आणि त्याच्या हाताखालची पोरं. मी चाळणीला हात लावला की रफिक धावलाच. “तू बस रे भागवत, मी हाये ना.” पोतं धरलं की दुसरा यायचा. मला पाणीसुद्धा आणून द्यायचे. घरून कुणी माझ्यासाठी धपाटे आणायचं. मला वाटायचं, काय माणसं आहेत! आणि खरं सांगतो, बरंही वाटायचं. पट्टा आणि दांडा तसेच कोरे राहिले.

महिना-दीड महिन्यानं सुपरवायझरनं वर कळवलं, भागवत मशीनवर बसून असतो, काम बाकीचे करतात. त्यात खोटं काय होतं? साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, तीन महिने भरायची वाट बघत नाही, महिनाअखेर मी स्वतः येऊन बघतो आणि मग निकाल.

बाई साहेबांकडून थेट लाइनवर आल्या. जेवणाची सुट्टी होती, आम्ही गोल करून बसलो होतो, रफिक माझ्या डब्यातली भाकरी मोडून देत होता. बाईंनी शेंग काढली, फोडली, खाल्ली.

“रफिकभाऊ, ह्यांच्यावर तुमचा काय राग हाये?”

रफिक गडबडला. “राग? बाई, जान हाये तो माझी!”

“मंग त्याची नोकरी का खाऊन राह्यले?”

“आम्ही तर मदत करून राह्यलो बाई. बिचारा…”

“चहा,” बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. “तुम्ही चाळणी उचलता, सुपरवायझर लिहितो, भागवत उचलत न्हाई. तुमच्या मायेनं ह्या माणसाला मशीनवरून उठवलंय. रोलरला जमलं न्हाई ते तुम्ही करून राह्यले.”

रफिकच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाई माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आपली बाजू घेतील. “आणि तुम्ही! तुम्हाला ग्वाड लागून राह्यलंय का हे?” मी खाली बघितलं. लागत होतंच की.

त्या दिवसापासून रफिकनं पाळीत हुकूम काढला, भागवतच्या कामाला जो हात लावील त्याची खैर नाही. स्वतःला आवरायला तो माझ्या मशीनपाशी आला की दोन्ही हात मागं धरून उभा राहायचा, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. पहिले काही दिवस माझे फार हाल झाले. मनगट सोलून निघालं. पट्टा निसटायचा, मी शिव्या घालायचो, बाईंनासुद्धा घातल्या. मग एक दिवस चाळणी गपकन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली.

महिनाअखेर इनामदार साहेब आले. सोयाबीनचा माल संपून गव्हाचा लावायचा होता, म्हणजे चाळणी बदलायची. साहेब, बाई, सुपरवायझर एका बाजूला. रफिक आणि पोरं दुसऱ्या बाजूला, सगळ्यांचे हात मागं. जुनी चाळणी मी ओढून काढली. नवी उचलली, मनगट पट्ट्यात घातलं, वर घेतली आणि घामानं पट्टा सरकला. चाळणी धाडकन फरशीवर. एवढा आवाज झाला की पलीकडची लाइनसुद्धा बघायला लागली.

कुणीही हललं नाही. रफिकचे ओठ हलत होते, बहुतेक दुआ मागत असावा. साहेबांनाच राहवलं नाही. ते वाकून चाळणी उचलायला पुढं झाले.

“साहेब, राहू द्या,” बाई म्हणाल्या. “त्यांचं काम हाये ते.”

साहेब थांबले. मी हात पँटला पुसला, पट्टा एक वेढा जास्त घेतला, चाळणी उचलली, सारली आणि कोपरानं दांडा दाबला. बसली. बटण दाबलं. गहू चाळणीवर नाचायला लागला.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. खूश होते. “खरातबाई, पटलं मला. वर सांगतो, माणुसकी म्हणून ठेवून घेऊ ह्याला. पगाराचं थोडं खालीवर होईल, तेवढं समजून घ्या.”

मला साहेबांचे पाय धरावेसे वाटले. घरी संगीता वाट बघत असणार, तिला जाऊन काय सांगू नि काय नको असं झालं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “न्हाई साहेब.”

“काय नाही?”

“माणुसकी म्हणून नको. काम येतं म्हणून ठेवा. जागा तीच, पगार तोच. आदेशात तसंच लिहा.”

“अहो बाई, मी हो म्हणतोय!”

“तुम्ही चांगले हायेत म्हणून हो म्हणता. उद्या ह्या खुर्चीत दुसरं कुणी आलं तर?”

साहेबांचा चेहरा कडक झाला. “आणि मी नाही म्हटलं तर?”

मी हळूच म्हणालो, “बाई, मिळून राह्यलं ते घ्या ना.” त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

“मंग न्हाई म्हणायचं कारण लिहून द्या. काम येत न्हाई, असं तुम्हाला लिहिता यायचं न्हाई, आत्ता डोळ्यांनी बघून आलात. हात अधू हाये म्हणून न्हाई, असं लिहावं लागंल. कायदा त्याला भेदभाव म्हणतो. आणि समान संधीचं धोरण बाहेर बोर्डावर तुमच्याच सहीनं लागलंय.”

साहेब बाईंकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. “भागवत, तुझं काय म्हणणं आहे? तू सांग.”

एवढ्या महिन्यांत साहेबांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. हो म्हणून हात जोडले असते तर नोकरी पक्की होती, निदान त्या दिवसापुरती. मी बाईंकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सांगायचं ते मलाच सांगायचं होतं.

“साहेब,” मी म्हणालो, “मला काम येतं.”

साहेबांनी मोठा श्वास सोडला. “लिहा बाई,” म्हणाले, “तुमच्याच शब्दांत लिहा. मी सही करतो.”

पुढं इनामदार साहेबांची बदली झाली. दुसरे आले, मग तिसरे. प्रत्येकानं माझा हात बघून भुवया उंचावल्या, फाईल काढली, वाचली आणि ठेवून दिली. मी आजही त्याच मशीनवर, त्याच जागेवर आहे. बाई मात्र कंपनी सोडून गेल्या. संभाजीनगरला अशाच कामात आहेत म्हणतात. तिथंही ‘बिचारा’ म्हणणाऱ्याला चहा पाजावा लागत असणार. माझ्या घरात चूल पेटते, माझी पोरगी बापाला कामावर जाताना बघते, हे त्या बाईंचं देणं आहे. आईबापानंतर मी कुणाचा ऋणी असेन तर त्यांचा. तोंडावर हे कधी बोलू दिलं नाही त्यांनी, म्हणून इथं बोलतो.

निरोप समारंभात बाई खूप हसल्या, फोटो काढले, पण तो चेहरा मला आठवत नाही. आठवते ती साहेबांनी सही केली त्या दिवसाची संध्याकाळ. मी आनंदानं पार्किंगमध्ये आलो, तर बाई स्कूटीवर बसलेल्या. घरी जायचं सोडून नुसत्याच. जवळ गेलो तर हातातली किल्ली थरथरत होती. इकडं लावत होत्या, तिकडं लागत होती, भोकात जाईना.

“बाई, काय झालं?”

“काय न्हाई.” मग एकदम म्हणाल्या, “लई घाबरले होते हो मी. साहेब न्हाई म्हणले असते, तर संगीताला काय तोंड दाखवलं असतं? मिळालेली भाकर माझ्या हट्टापायी गेली असती तुमची.”

सगळ्या प्लँटला दरडावणारी ही बाई माझ्यासाठी आत एवढी भ्याली होती, आणि भिऊनही मागं हटली नव्हती. मी नुसता उभा राहिलो. बाईंनी पुन्हा किल्ली लावून बघितली, पुन्हा चुकली. मी तसाच उभा.

“बघता काय नुसतं,” बाई डोळे पुसत म्हणाल्या, “लावा की.”

मी त्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि स्कूटी चालू करून दिली.